पायी जाता येईल असा देश

जिझाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा तिच्या मुलीने, मार्थीझने, रविवारच्या जेवणात जाहीर केलं की यंदा मेजवानी-बिजवानी काही नाही, सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं. जानेवारीचे दिवस होते. मॅकरोनी नुकतीच ओव्हनमधून बाहेर आली होती, आणि तिच्यावरचा खरपूस पापुद्रा कोणी घ्यायचा यावरून जिझाचा जावई नोएल आणि जिझाची थोरली बहीण चेन्सा यांची नेहमीची कुरबुर चालली होती.

"परदेशी म्हणजे माल्टाला?" चेन्साने विचारलं.

ती थट्टा करत नव्हती. त्यांच्या नदूर गावातल्या जुन्या माणसांच्या लेखी गोझो बेट हा आपला मुलूख, आणि समोरचं माल्टा म्हणजे सरकार, मोठं इस्पितळ आणि रहदारी ठेवायला देवाने केलेलं दुसरं बेट. चेन्साने लग्न केलं नाही, बहिणीच्या शेजारचं घर सोडलं नाही, आणि आजवर समुद्र ओलांडला तो फक्त डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी.

"माल्टा नाही गं मावशी. इटली. विमानाने व्हेनिसला उतरायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची, आणि मग आजूबाजूचे देश. स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया, क्रोएशिया, आणि जमलं तर हंगेरी."

"जमलं तर," नोएल म्हणाला आणि तेवढ्यात पापुद्रा आपल्या ताटात ओढून मोकळा झाला.

मार्थीझने ताटं सरकवून नकाशा पसरला. ती बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात एका दंतवैद्याकडे लोकांना वेळा नेमून देण्याचं काम करायची. दिवसभर माणसं खाचेत बसवून बसवून तिचा असा समज झाला होता की जगातली कुठलीही गोष्ट नीट बसवली तर बसते. व्हिएन्नावर मिठाची बाटली उभी राहिली, बुडापेस्टवर चीजची वाटी. चेन्सा बोट ठेवून एकेका देशाची चौकशी करू लागली. इथे रोज प्रार्थना असते का, पाणी उकळून प्यायचं की तसंच, आणि काहीही झालं तरी जूनअखेरच्या आपल्या जत्रेआधी परत यायचं की नाही. मिरवणुकीत संतांच्या मूर्तीमागे चालायची तिची जागा ठरलेली होती, आणि एकदा सोडली तर ती बळकवायला गल्लीतली तेरेझा टपून होती.

"तुम्ही काहीच बोलत नाही, बाबा," मार्थीझ म्हणाली. "तुम्हाला काय बघायचंय?"

विस्टिन पावाने ताट पुसत होता. त्याने उभी हयात इम्जार बंदरातल्या फेरीबोटीवर काढली होती. गाड्या आत घ्यायच्या, एकमेकींना खेटून लावायच्या, पलीकडे पोचलं की बाहेर काढायच्या, आणि तिथल्या गाड्या घेऊन परत यायचं. समुद्र इतक्यांदा ओलांडला होता की मोजायला बसलं तर डोकं फिरावं, पण देशाबाहेर पाऊल नव्हतं. आता निवृत्त होऊन तो मळ्यात राबायचा आणि घरात कमी बोलायचा.

"हद्द," तो म्हणाला.

"कसली हद्द?"

"दोन देशांची. जमिनीवरची."

नोएल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "बाबा, तिथे बघायला काही नसतं. एक पाटी असते. गाडी सुसाट जाते, पाटी वाचेपर्यंत मागे पडते."

"मग गाडी थांबव."

"मोठ्या रस्त्यावर थांबता येत नाही, बाबा," मार्थीझ म्हणाली. "दंड होतो."

"बरं," विस्टिन म्हणाला आणि पुन्हा पावाकडे वळला. त्याच्यापुरता विषय संपला होता. जिझाच्या मात्र डोक्यात तो जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यामागोमाग मळ्यात गेली. तो शेंगांच्या वाफ्यात बसून तण काढत होता.

"चाळीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण," ती म्हणाली, "आणि हे हद्दीचं खूळ मला काल कळलं."

"तू कधी विचारलं नाहीस."

"कोण विचारेल? बायका नवऱ्याला विचारतात काय खाणार, कधी येणार. तुला कुठली हद्द बघायचीय, असं कुठल्या बायकोने विचारलंय?"

विस्टिनने हातातलं तण बांधावर टाकलं. "एकदा एक परदेशी बाप्या आला होता बोटीवर. वारा सुटलेला, बोट हलेना. गाडीतून उतरून माझ्यापाशी येऊन उभा राहिला. बोलता बोलता म्हणाला, माझी आई दुसऱ्या देशात राहते, मी सायकलवर टांग मारून तिच्याकडे सूप प्यायला जातो. मला वाटलं फेकतोय. मी म्हटलं, मध्ये काय असतं? तो म्हणाला, काही नसतं."

"मग?"

"मग काय. बोट सुटली. पण आता तूच सांग, मध्ये काही नाही तर कळतं कसं? आपल्याकडे बरं आहे. पाय ओले झाले की देश संपला. तिथे कसा संपतो ते एकदा बघावं असं वाटतं, इतकंच."

जिझाने हे मार्थीझच्या कानावर घातलं. मार्थीझ म्हणाली, आई, बाबांची हौस मला कळते, पण एकाच दिवसात ल्युब्लियाना आणि ग्राझ ही दोन शहरं करायचीयत, मध्ये नुसतं उभं राहायला वेळ कुठून आणू. तिचंही चुकत नव्हतं. आठवडाभरात पाच देश बसवायचे म्हणजे शवपेटीत दोन माणसं निजवण्यातला प्रकार होता.

पण मूळ घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते जिझाला अपघातानेच कळलं. फेब्रुवारीत एका दुपारी पाव घेऊन ती फुटबॉलच्या मैदानामागून येत होती. तिथल्या मोकळ्या जागेत नोएलची गाडी अगदी गोगलगायीच्या चालीने फिरत होती, आणि ती सगळी उजवीकडून. चुन्याने आखलेल्या रेषेशी आली की गचका खाऊन थांबायची, पुन्हा निघायची. शेजारी मार्थीझ दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली होती. वळणावर गाडी सवयीने डावीकडे गेली आणि कचऱ्याच्या पिंपावर आदळली.

नोएल काच खाली करून म्हणाला, "आई, तिकडे सगळे उलट्या बाजूने चालवतात."

"त्यांना आपण उलटे."

"ते बरोबर. पण ते जास्त आहेत." त्याच्या कपाळावर घाम होता. "हे कोणाला सांगू नका."

जिझाने कोणालाच सांगितलं नाही. फक्त चेन्साला सांगितलं. पुढच्या रविवारी पाववाल्याने नोएलला विचारलं, पाव डाव्या हाताने देऊ की उजव्या.

मार्थीझ तरीही हटली नाही. तिने आईसाठी जाड तळव्यांचे, चालायचे नवे बूट आणले. "आतापासून घरात घालून फिर, म्हणजे रुळतील," असा हुकूमही सोडला. जिझा हुकमाची ताबेदार. ते बूट घालून ती स्वयंपाक करायची, बूट घालून झाडायची, आणि मार्चमध्ये एका सकाळी बूट घालूनच वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली. त्या चक्राकार दगडी जिन्यावरून ती लग्न झाल्यापासून सपाता घालून, हातात बादली घेऊन, कधी कडेवर मूल घेऊन उतरली होती. जाड तळवा पायरीला अडकला आणि ती चादरींसकट खाली आली.

घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं की मेअखेर काठी घेऊन थोडंफार चालता येईल, पण चढ नाही, आणि तासन्‌तास गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसणं तर मुळीच नाही.

मार्थीझ खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "बूट मी आणले होते."

"जिना बुटांनी उतरला नाही, मी उतरले," जिझा म्हणाली. "तुम्ही जा सगळे. मी चेन्साकडे जेवेन."

"मी येणार आहे त्यांच्याबरोबर," चेन्सा म्हणाली. "नवीन किटली घेतलीय."

"मी नाही जात," विस्टिन म्हणाला.

मार्थीझने नकाशाची गुंडाळी केली आणि घरी घेऊन गेली.

विस्टिनने कधी चेहरा पाडला नाही की उसासा टाकला नाही. सकाळी कॉफी करून द्यायचा, दुपारी सूप गरम करायचा, मधल्या वेळात मळ्यात जायचा. एकदा जिझा कुबड्यांवर तोल सावरत मागच्या खोलीत गेली, तेव्हा तिला त्याची बॅग दिसली. प्रवासासाठी म्हणून त्याने स्वतः दुकानात जाऊन, चारदा चेन उघडून-मिटून घेतलेली निळी बॅग. ती जमिनीवर सताड उघडी होती आणि तिच्यात बटाटे भरलेले होते.

जिझाला आधी हसू आलं, मग राग आला, आणि राग कोणाचा ते कळेना म्हणून तिने नोएलला फोन केला. संध्याकाळी दुकान बंद करून एकटाच ये, म्हणाली. नोएल फरश्यांच्या दुकानात विक्रीला होता. तो पांढऱ्या धुळीने माखलेले हात पुसत आला आणि टेकायच्या आत तिने विचारलं, "मला एक देश शोधून दे. काठी टेकत जाणाऱ्या बाईला दुसऱ्या देशातून पायी जाता येईल असा."

"गोरिझिया," नोएल म्हणाला.

जिझा त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं तो आठवडाभर शोधेल.

"गाडी नको," नोएल भराभर सांगू लागला. "व्हेनिसहून सरळ रेल्वे. सगळे दिवस एकच हॉटेल. गाव इटलीत, आणि गावाला लागूनच स्लोव्हेनियाचं गाव. मध्ये एक चौक आहे, त्याच्या फरशीतून हद्द जाते. सगळं सपाट. बाकं आहेत."

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

नोएलने छताकडे पाहिलं. "पिंपावर आदळलो त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"आई, तुम्ही तिला नुसता जन्म दिलात. लग्न मी केलंय तिच्याशी."

मार्थीझला सांगायचं काम मग जिझाकडेच आलं. मार्थीझ शांतपणे ऐकून घेत होती, आणि ती शांत असली की घरातले सगळे हळू बोलत.

"पाच देश होते," ती म्हणाली.

"होते."

"आता दीड."

"दीड पुष्कळ झाले," चेन्सा म्हणाली.

"आई, हे बरोबर नाही. चाळीस वर्षांनी एकदा बाहेर पडताय, आणि एका चौकात जाऊन बसायचं? त्यासाठी इथला चर्चपुढचा चौक काय वाईट आहे?"

जिझाने वाद घातला नाही. "मागच्या खोलीत जाऊन ये," एवढंच म्हणाली. "तुझ्या बाबांची नवी बॅग बघ."

मार्थीझ गेली. थोड्या वेळाने आतून बटाटे टोपलीत पडल्याचा धडधड आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हाताला माती होती आणि बॅगेचं तोंड उलटं धरून ती झटकत होती.

"हॉटेलं रद्द करते," ती म्हणाली. "पण एक दिवस मी आणि नोएल ल्युब्लियानाला जाणार. रेल्वेने. त्यात कोणी नाक खुपसायचं नाही."

आणि मेअखेर ते गेले. चर्चची घडीची चाकाची खुर्ची फादरनी उसनी दिली, तिला विमानात चेन्सापेक्षा जास्त मान मिळाला. विस्टिन खिडकीशी बसून समुद्र संपेपर्यंत खाली बघत होता. रेल्वेतही तो खिडकीशीच होता, आणि जमीन संपायचं नावच घेईना तसा त्याने एकदा जिझाला कोपराने डिवचून, "बघ, अजून आहेच," असं सांगितलं. ती पेंगत होती.

पहिल्याच सकाळी बसने ते त्या चौकापाशी उतरले. मोठा, उजळ चौक. पलीकडे स्लोव्हेनियाच्या बाजूला जुनं, लांबलचक रेल्वे स्टेशन. कुंड्या, बाकं, सायकली. विस्टिन खुर्ची ढकलत चालला होता आणि नजरेने जमीन विंचरत होता. फरशीत बसवलेली मोठी गोल धातूची चकती दिसली आणि तो थबकला. चकतीच्या मधोमध रेघ होती. रेघेच्या अलीकडे इटली, पलीकडे स्लोव्हेनिया. त्याने खिशातून ओळखपत्र काढून हातात धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

बघायला कोणीच नव्हतं. एक बाई कुत्र्याला घेऊन चकतीवरून गेली. कुत्र्याने वास घेतला आणि त्याला काही विशेष वाटलं नाही.

"मला असं अर्ध्यावर ठेवू नकोस," जिझा म्हणाली. तिच्या खुर्चीची पुढची चाकं रेघेपलीकडे होती आणि मागची अलीकडे. "काय ते एक ठरव."

चेन्सा एव्हाना कधीच पलीकडे पोचली होती आणि त्याचा तिला पत्ता नव्हता. बाकावर एक ऐंशीच्या घरातला म्हातारा पत्त्यांचा कॅट पिसत बसला होता. तिने त्याला आपल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं, "हा परदेश आहे का?"

"मला नाही," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला असेल."

विस्टिन मग एक पाऊल टाकून पलीकडे गेला. थांबला. पायाखाली बघितलं, परत अलीकडे आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा जाताना त्याने टोपी काढून हातात घेतली, चर्चमध्ये शिरताना काढतो तशी. मार्थीझ फोटो काढायला म्हणून पुढे झाली होती, तिने फोन खाली केला आणि ती नुसती बघत राहिली.

"कळतं का काही?" जिझाने विचारलं.

"फरशी तीच आहे," विस्टिन म्हणाला. "बोटीवरचा तो माणूस खोटं बोलत नव्हता."

बाकावरचा म्हातारा हे सगळं मजेने बघत होता. तो उठून आला. त्याचं नाव लोय्झे. विस्टिनचं इटालियन टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांतून शिकलेलं, त्यामुळे तो साधं काही विचारायचा तरी बक्षीस लागल्यासारखा वाटायचा. तरी दोघांचं जमलं. लोय्झे म्हणाला, मी लहान असताना इथे तारेचं कुंपण होतं. आमचा चेंडू हटकून पलीकडे जायचा. पलीकडच्या घरात एक बाई होती, ती इटालियनमध्ये आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि चेंडू परत फेकायची.

"दर वेळी?"

"दर वेळी. शिव्या मात्र दर वेळी नव्या."

विस्टिनला ते इतकं आवडलं की त्याने तो प्रसंग नोएलला माल्टीजमध्ये पुन्हा ऐकवला. नोएल तिथेच उभा होता आणि त्याला इटालियन उत्तम येत होतं.

जिझाने काठी मागितली. "ढकलू नकोस. मला चालत जायचंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांनी चढ नको म्हटलंय. हा चढ आहे का?"

विस्टिनने तिचं कोपर धरलं. ती उठली, काठी टेकली, चांगला पाय पुढे टाकला. दुखरा मागून यायचा होता. ती तशीच उभी राहिली.

"दुखतोय?" त्याने विचारलं.

"इटलीतला दुखतोय. पलीकडचा बरा आहे."

मग तिने तोही ओढून घेतला.

लोय्झेचा जोडीदार रोज इटलीच्या बाजूने पत्ते खेळायला यायचा, तो आज सर्दीने घरी होता. ब्रिस्कोला येतो का, असं लोय्झेने सहज विचारलं. नदूरच्या बँडपथकाच्या क्लबात विस्टिनने ब्रिस्कोलावर कित्येक दुपारी घालवल्या होत्या. स्टेशनसमोरच्या कॉफीच्या टेबलाशी डाव मांडला गेला. पहिल्याच डावात नियमांवरून तंटा झाला, कारण लोय्झे तिर्रीला जो मान देत होता तो विस्टिनला पसंत नव्हता. चेन्सा बाजूला खुर्ची ओढून बसली. घरी ती पत्त्यांना सैतानाची प्रार्थनापोथी म्हणायची, पण इथे दुसऱ्याच डावात तिने विस्टिनचा पत्ता त्याच्या हातातून काढून स्वतः टाकला. नोएल सगळ्यांसाठी आंबट कोबी आणि घेवड्याचं सूप घेऊन आला. जिझाने वाटी संपवली, दुसरी मागवली, आणि मग पाय लांब करायला मार्थीझच्या आधाराने अलीकडच्या, इटलीतल्या बाकावर येऊन बसली.

"दुपारी किल्ला बघायचा होता," मार्थीझ म्हणाली. पण तिने बूट काढून ठेवले होते आणि ती आइस्क्रीम खात होती.

"किल्ला काय पळून जातोय?"

"उद्या आम्ही ल्युब्लियानाला."

"जा की. आम्ही इथेच आहोत. सकाळची कॉफी या देशात पिऊ, जेवायला त्या देशात जाऊ."

बस आली. मार्थीझने बूट हातात घेतले आणि उभी राहून हाक मारली. "बाबा, बस आली."

पलीकडून विस्टिनने मान वर केली नाही. त्याच्या हातात चांगली पानं असावीत. "पुढची," तो ओरडला. चेन्साने त्याला गप्प बसायला सांगितलं.

ड्रायव्हर दार उघडं ठेवून वाट बघत होता. मार्थीझ जिझाकडे वळली. "आता काय करायचं?"

"बस खाली," जिझा म्हणाली आणि तिच्या हातातलं आइस्क्रीम घेऊन एक घास खाल्ला. "येईल तो. दुसऱ्या देशात आहे, वेळ लागायचाच."